थांबू की घेऊ? पुढच्या कन्सोलचं ग्राफिक्स आणि ग्वाल्हेरचा मे महिना

प्रश्न असा आहे : "काका, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन दीड वर्षात पंचावन्न हजार साठवले. आता सोनीचा गेमिंग कन्सोल पीएस५ (प्लेस्टेशन ५) घ्यावा, की पुढची पिढी येणारच आहे म्हणून थांबावं? मित्र सांगतात, पुढच्या कन्सोलचं ग्राफिक्स दसपट असेल. खरंच तसं होईल का? घरी ३२ इंची फुल एचडी टीव्ही आहे. खोलीत कूलर आहे, एसी नाही."

घेऊन टाक. थांबू नकोस. पण एवढं सांगून माझं काम संपत नाही, कारण तुझ्या मित्रांच्या बोलण्यात एक समजूत आहे आणि ती तशीच राहिली तर आज घेऊनही दोन वर्षांनी तू हळहळशील. दर सहा-सात वर्षांनी ग्राफिक्स उडी मारतं आणि प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी असते, अशी ती समजूत. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजारामागे बावीस वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. सुरुवात पिक्चर ट्यूबच्या टीव्हींनी झाली, मग पीएस२ यायला लागले, आता टेबलावर बहुतेक कन्सोलच असतात. ही यंत्रं आतून बघत आलोय, आणि आतून बघितलं की उडी का लहान होत चालली ते कळतं.

आधी ताकदीचा हिशेब. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. २०१३ चा पीएस४ होता १.८४ टेराफ्लॉपचा, २०२० चा पीएस५ आहे १०.२८ चा. साडेपाचपट झाली. आता पिक्सेल मोज. फुल एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, फोर-केमध्ये ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे बरोबर चौपट. वाढलेल्या ताकदीतला मोठा वाटा तेच चित्र जास्त बारीक ठिपक्यांनी रंगवण्यात गेला आणि हातात उरली जेमतेम १.४ पट. त्यातच सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, हव्यात म्हटलं की काम पुन्हा दुप्पट. म्हणून तर पीएस५ च्या कितीतरी गेमांत 'क्वालिटी' आणि 'परफॉर्मन्स' असे दोन मोड दिलेले असतात : चांगलं चित्र घे किंवा सळसळीत चाल घे, दोन्ही एकदम मागू नकोस.

आकडा साडेपाचपट आणि डोळ्याला दिसणारा फरक त्याच्या पासंगालाही नाही, हे यातून होतं. जीटीए ५ हा एकच गेम २०१३ मध्ये पीएस३ वर आला, २०१४ मध्ये पीएस४ वर आणि २०२२ मध्ये पीएस५ वर. एका गेमने तीन पिढ्या काढल्या. पीएस१ च्या काळात असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

माझ्या मते खरी गाठ मेमरीत आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. पीएस१ मध्ये मुख्य मेमरी २ एमबी होती. पीएस२ मध्ये ३२ एमबी. पीएस३ मध्ये दोन्ही भाग मिळून ५१२ एमबी. पीएस४ मध्ये ८ जीबी. दर पिढीला सोळापट, तेही लागोपाठ तीन वेळा. मग आला पीएस५ : १६ जीबी. दुप्पट, बस्स. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एक्समध्येही १६ च. हा हिशेब मी पहिल्यांदा पाठकोऱ्या बिलावर मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. पीएस२ वरून पीएस३ वर गेलो तेव्हा भिंत ही चिकटवलेल्या कागदासारखी न दिसता खरी भिंत वाटायला लागली, विटांचे टवके दिसले, ओल दिसली. ते टवके कुठेतरी साठवलेले असावे लागतात. चिपने कितीही पटापट रंगवलं तरी काय रंगवायचं ते मेमरीतूनच येतं.

सोळापटीवरून दुपटीवर का घसरलो? मेमरीचे भाव पूर्वीसारखे उतरत नाहीत म्हणून. चिपच्या आतल्या मेमरीचंही तेच. तैवानची चिप बनवणारी टीएसएमसी कंपनी ५ नॅनोमीटरच्या तंत्रावरून आणखी बारीक अशा ३ नॅनोमीटरवर गेली तेव्हा, त्या ३ नॅनोमीटरच्या जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकारात, मेमरीचा एक कप्पा जेवढा होता तेवढाच राहिला, ०.०२१ चौरस मायक्रोमीटर. हिशेब करणारा भाग लहान होतोय, लक्षात ठेवणारा भाग हटून बसलाय. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव वर गेले. सोनी असो की मायक्रोसॉफ्ट, पुढचा कन्सोल करणाऱ्याला मेमरी याच बाजारातून विकत घ्यायची आहे.

दुसरी भिंत उष्णतेची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू ग्वाल्हेरात राहतोस.

पीएस१ मध्ये पंखाच नव्हता. २०२० च्या पहिल्या पीएस५ मध्ये १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे, त्याच्यामागे वहीएवढा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग आहे आणि अख्खं यंत्र साडेचार किलोचं आहे. तो मोठा गेम खेळताना साधारण २०० वॅट खातो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुझ्या खोलीत येते. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये नेहमीची पांढरी पेस्ट नाही, गॅलियमचा पातळ धातू आहे, पाऱ्यासारखा चमकणारा. चाकूच्या टोकाने ओढलास तर थेंब तुटून दुसऱ्या थेंबात मिसळतो. उष्णता तो उत्तम वाहून नेतो, पण वीजही नेतो. बोर्डावर एक थेंब भलत्या जागी गेला की खेळ खलास. म्हणून व्हिडिओ बघून कन्सोल खोलायला बसू नकोस, एवढं माझं ऐक.

आता कंपनीच्या माहितीपत्रकातली एक ओळ सांगतो, जी दुकानात कोणी वाचून दाखवत नाही : पीएस५ वापरण्याचं तापमान ५ ते ३५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर लावलेल्या खोलीतही दुपारी ३५ च्या आत राहणं अवघड.

गेल्या जूनमध्ये जनकगंजातल्या एक वहिनी मुलाचा कन्सोल घेऊन आल्या. तक्रार एकच, "अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो." बाजारात आधी एकाला दाखवला होता, तो म्हणाला, "बोर्ड गया, नया लगेगा." मी कव्हर काढलं. हीटसिंकच्या फटींत धूळ अशी बसली होती की चिमट्याने ओढल्यावर ती पट्टीसारखी सलग निघाली, कापडाची किनार उसवावी तशी. हे कूलरचं काम. कूलरची हवा थंड असते पण ओली असते. धूळ ओली होऊन फटीत बसते, सुकली की घट्ट होते, वर पुन्हा नवा थर. मी विचारलं, ठेवता कुठे? म्हणाल्या, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, काचेचं दार लावून, धूळ लागू नये म्हणून. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि त्या शोकेसमध्ये थर्मामीटर ठेवला. दार लावून चाळीस मिनिटं खेळल्यावर आत ५१ अंश होते. कन्सोल स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढत होता. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. साफ केला, बाहेर स्टुलावर ठेवला, तोच गेम तीन तास चालला.

मी हे एवढं सांगतोय कारण पुढच्या कन्सोलच्या ग्राफिक्सची मर्यादा हीच आहे. पूर्वी ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, लहान झाला की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरायचं, म्हणून जास्त ट्रान्झिस्टर भरले तरी चिप तापायची नाही. हे गणित २००५-०६ च्या सुमारास तुटलं. आता ताकद वाढवायची तर वॅट वाढतात, आणि बैठकीच्या खोलीत ठेवायच्या डब्याला किती वॅट देणार? उष्णता कमी लेखली की काय होतं हे या धंद्याने २००७ मध्ये पाहिलं. एक्सबॉक्स ३६० च्या लाल दिव्याच्या बिघाडापायी मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढून ठेवली. तेव्हापासून सगळेच सांभाळून पावलं टाकतात.

मेमरी महाग, उष्णता अडवून धरते, मग पुढची पिढी सुधारणार कशी? उत्तर आहे : अंदाजाने. हा शब्द मी कमीपणाने वापरत नाहीये. आपला पिक्चर ट्यूबचा टीव्ही आठवून बघ, तुझ्या आजोबांकडे असेलच. त्यात ६२५ रेघांचं चित्र कधीच एकदम उमटायचं नाही. आधी विषम रेघा, मग सम रेघा, सेकंदाला पन्नास वेळा अर्धं-अर्धं चित्र, आणि जोडायचं काम आपला डोळा करायचा. कोणालाही आपण अर्धं चित्र बघतोय असं वाटलं नाही. आता तेच काम चिप करते. गेम कमी पिक्सेलांत रंगवायचा, प्रत्येक फ्रेमला नजर केसभर सरकवायची, मागच्या फ्रेममध्ये कोणती वस्तू कुठून कुठे गेली याची नोंद ठेवायची, आणि हे सगळं शिकवून तयार केलेल्या न्यूरल नेटवर्कला द्यायचं. ते मधले पिक्सेल भरतं. फुल एचडीवरून फोर-के केलं तर चारातला एकच पिक्सेल खरा रंगवलेला असतो.

७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या पीएस५ प्रोचं मुख्य वैशिष्ट्य हेच, पीएसएसआर नावाचं अपस्केलिंग. त्याचा जीपीयू, म्हणजे चित्र रंगवणारा भाग, १६.७ टेराफ्लॉपचा आहे आणि सोनीनेच रंगवण्याचा वेग ४५ टक्क्यांनी वाढला असं सांगितलं, किंमत मात्र तेव्हा ७०० डॉलर होती. पुढची दिशा त्याहून स्पष्ट झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये, सोनीचे मार्क सर्नी आणि सोनीला चिप पुरवणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक ह्युइन यांनी 'अमेथिस्ट' प्रकल्पातल्या तीन गोष्टी मांडल्या तेव्हा. पहिली, चिपमधले विखुरलेले हिशेबाचे गट एकत्र जोडून एआयचं मोठं काम करून घेणं. दुसरी, प्रकाशकिरण कुठे आदळतो ते शोधण्यासाठी वेगळा भाग. तिसरी, चिपमध्ये ये-जा करणारी सगळी माहिती दाबून लहान करणं. या तिसरीवर बोट ठेव. मेमरी स्वस्त असती तर माहिती दाबायची एवढी धडपड कोणी केली असती का? सर्नी यांनी हेही सांगितलं की हे सगळं अजून सिम्युलेशनमध्ये आहे आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ते आणायचं आहे. मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडीशी अनेक वर्षांचा करार जाहीर केला. दोघांची चिप एकाच घरातून येणार, त्यामुळे वाटही बरीचशी एकच असेल.

म्हणजे फरक दिसेल कुठे? उजेडात. आज गेममधली बरीच सावली आधी तयार करून चिकटवलेली असते. लाल भिंतीशेजारी उभ्या माणसाच्या सदऱ्यावर जी पुसटशी लाली येते, दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाने अख्खी खोली जशी हलकेच उजळते, ते खरोखर मोजून काढायला किरण लागतात आणि किरण महाग पडतात. पुढच्या पिढीत हे स्वस्त होईल, आणि ते सुंदर असेल. मी त्याची मनापासून वाट बघतोय. पण ते "दसपट" म्हणून अंगावर येणार नाही. खोलीत शिरल्यावर इथे राहावंसं वाटेल, आणि का ते चटकन सांगता येणार नाही, अशा तऱ्हेचं ते असेल.

अंदाजाची एक बाजू मात्र मला खटकते. मधले पिक्सेल भरणं वेगळं आणि मधल्या अख्ख्या फ्रेम भरणं वेगळं. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये २०२५ मध्येच एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम घालण्यापर्यंत मजल गेली. डोळ्याला चाल लोण्यासारखी दिसते, पण बनवलेल्या फ्रेममध्ये तुझ्या बोटाची हालचाल नसते. दोन खऱ्या फ्रेम हातात आल्याशिवाय मधली बनवता येत नाही, म्हणून उशीर उलट थोडा वाढतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. क्रिकेटच्या गेममध्ये यॉर्करला बॅट खाली आणायची असेल तर खरा आकडाच कामाचा, १२० लिहिलेला दिखाऊ आकडा कामाचा नाही. पुढच्या कन्सोलच्या जाहिरातीत मोठा आकडा दिसला की आधी विचार : यात खऱ्या फ्रेम किती?

छोट्या यंत्रांना या अंदाजाचा जास्त फायदा होतोय. ५ जून २०२५ ला आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या स्विच २ मध्ये एनव्हिडियाची चिप आणि त्यांचं डीएलएसएस नावाचं असंच पिक्सेल भरणारं तंत्र आहे, हातात मावणारं यंत्र टीव्हीला जोडून फोर-केपर्यंत चित्र देतं. फक्त निन्टेन्डोची आपल्याकडे अधिकृत विक्री नाही, तेव्हा वॉरंटीचा भरवसा धरू नकोस. क्लाउडचं, म्हणजे गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून चित्र इंटरनेटवरून घरी आणण्याचं थोडक्यात : २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात आली, आणि सावकाश चालणाऱ्या गोष्टीरूप गेमांना ती ठीक आहे. पण हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन येण्यातच प्रकाशाला फायबरमधून १० मिलिसेकंद लागतात, वर घरच्या वायफायचे हेलकावे. जीव ओतून खेळणाऱ्याला ते पुरणार नाही.

आता पैशाचं बोलू. पूर्वी थांबणारा शहाणा ठरायचा. पीएस३ २००६ मध्ये ५९९ डॉलरपर्यंत होता, २००९ मध्ये त्याचाच सडपातळ 'स्लिम' प्रकार २९९ ला आला. चिप लहान झाली की स्वस्त व्हायची, भाव उतरायचे. पीएस५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कसह ४९,९९० ला आला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलर वाढले. पाच वर्षं जुनं यंत्र महाग होतंय, हे माझ्या बावीस वर्षांत मी पहिल्यांदा बघतोय. तेव्हा पुढचा येईल आणि हा पडेल भावात मिळेल या आशेवर राहू नकोस.

पुढचा कधी? सोनीने तारीख दिलेली नाही. १९९४, २०००, २००६, २०१३, २०२० ही रांग बघितली तर २०२७-२८ चा अंदाज बांधता येतो, आणि मेमरीचे भाव असेच राहिले तर तो पुढे ढकललाही जाईल. आला तरी पहिली दोन वर्षं बहुतेक मोठे गेम दोन्ही पिढ्यांवर येतात. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक पीएस५ आल्यावर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, तो पीएस४ वरही चालला. म्हणजे आज घेतलेलं यंत्र तुझं शिक्षण संपून नोकरीची पहिली वर्षं होईपर्यंत सहज साथ देईल.

घेताना डिस्कवालाच घे. इथे मित्रामित्रांत डिस्क फिरतात, जुनी डिस्क विकून नवी घेता येते, विद्यार्थ्याला हा फार मोठा आधार आहे. २०२३ च्या पीएस५ स्लिमला डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. प्रोच्या मागे लागू नकोस. तो आला तेव्हा भारतात आलाच नाही, लोक दुबईहून आणू लागले, त्याला डिस्क ड्राइव्ह नाही, आणि तुझ्या ३२ इंची फुल एचडी टीव्हीवर त्यातलं बरंचसं दिसणारही नाही. टीव्ही आत्ता बदलू नकोस. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून चालू कर, आणि गेमांत 'परफॉर्मन्स' निवड. फोर-केचे पिक्सेल तुझ्या पडद्यावर नाहीतच, तर ती ताकद चालीला लाव.

कन्सोल आणायच्या आधी जागा ठरव. बंद कपाट नाही, शोकेस नाही. टेबलावर किंवा स्टुलावर, चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा. कूलरचा झोत थेट त्यावर नको, कूलर उलट्या भिंतीला असू दे. मे-जूनमध्ये दुपारी बारा ते पाच त्याला विश्रांती दे, रात्री नऊनंतर खेळ. दर दोन महिन्यांनी कव्हर काढून, धूळ गोळा होण्यासाठी दिलेल्या छिद्रांवर व्हॅक्यूमची नळी लाव. एवढ्यासाठी बोर्डापर्यंत जायची गरज नाही. आणि पहिल्या आठवड्यात एका रात्री टीव्हीचा आवाज बंद करून मोठा गेम चालू ठेव आणि नुसता पंखा ऐक. तो आवाज नीट लक्षात ठेव. पुढे कधी तो चढा वाटला किंवा खरखर यायला लागली, तर खेळणं थांबवून त्याच दिवशी माझ्याकडे घेऊन ये.